कृष्णपदार्थ आला कुठून: गोठला, झिरपला की डोलत राहिला?

क्षितिजापल्याड (धागाकर्ता)

कृष्णपदार्थ (डार्क मॅटर) आहे याचे पुरावे काय, यासाठी हा धागा नाही. आकाशगंगांचं फिरणं, गुरुत्वीय भिंगं वगैरे बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच की सुरुवातीच्या विश्वात तो तयार कसा झाला, आणि आज दिसतो तेवढाच का उरला?

आधी लक्ष्य ठरवून घेऊ, म्हणजे पुढे प्रत्येकाला त्याच फूटपट्टीने मोजता येईल. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या विश्लेषणात कृष्णपदार्थाची घनता (ओमेगा गुणिले लघु-एचचा वर्ग; ओमेगा म्हणजे क्रांतिक, म्हणजे सपाट विश्वाला लागणाऱ्या, घनतेतला वाटा, आणि लघु-एच म्हणजे हबल स्थिरांक भागिले १००) ०.१२० ± ०.००१ आहे. नेहमीच्या पदार्थाची ०.०२२४. म्हणजे साडेपाच पटींच्या जरा खाली.

हा आकडा कणांच्या हिशेबात आणायचा तर एक सोय करावी लागते. विश्व फुगतं तशी कणांची संख्याघनता घटत जातेच, त्यात नवल नाही. म्हणून तिला एन्ट्रॉपीच्या घनतेने भागतात. या भागाकाराला 'वाय' म्हणू. कण बनणं आणि नष्ट होणं थांबलं, मध्येच कुठून नवी एन्ट्रॉपी आली नाही, की वाय कायमचा स्थिर. आजची एन्ट्रॉपी दर घनसेंटिमीटरला २८९१, आणि क्रांतिक घनता दर घनसेंटिमीटरला १.०५४ × १०^-५ जीईव्ही गुणिले लघु-एचचा वर्ग. (^ म्हणजे घात, पुढेही तसंच वाचा. जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऊर्जा, वस्तुमान आणि तापमान तिन्ही यातच मोजू. टीईव्ही त्याच्या हजारपट, एमईव्ही हजारावा भाग, केईव्ही दशलक्षावा, ईव्ही अब्जावा.) हे सगळं मांडलं की निघतं:

कणाचं वस्तुमान × वाय = ४.४ × १०^-१० जीईव्ही

निर्मितीची कोणतीही कल्पना घ्या, तिला हा गुणाकार जुळवून द्यावा लागतो. शिवाय कण १३.८ अब्ज वर्षं टिकला पाहिजे, आणि आकाशगंगांची बीजं पुसून टाकण्याइतका वेगवान नसला पाहिजे. कल्पना मांडताना आकडे द्या, निव्वळ 'असं म्हणतात' नको.

---

घनमूळ

सुरुवात जुन्याजाणत्या यंत्रणेपासून करतो: औष्णिक गोठणं, म्हणजे फ्रीझ-आउट. इतर यंत्रणा समजून घ्यायलाही हीच तुलनेला लागते.

विश्व अतितप्त असताना कृष्णपदार्थाचे कण आणि नेहमीचे कण एकमेकांत सारखे बदलत असतात. दोन कृष्णकण भिडून नष्ट होतात, इकडून दोन साधे कण आपटून कृष्णकणांची जोडी जन्मते. तापमान कणाच्या वस्तुमानाखाली उतरलं की नवी जोडी बनवण्याइतकी ऊर्जा फार थोड्या कणांत उरते. नष्ट होणं मात्र चालूच. संख्या घातांकी वेगाने कोसळते. मग विश्व इतकं विरळ होतं की एका कृष्णकणाला दुसरा सापडतच नाही. तिथे संख्या गोठते.

१०० जीईव्हीच्या कणासाठी हातानेच करून पाहू. गोठणं साधारण वस्तुमानाच्या पंचविसाव्या भागाएवढ्या तापमानाला होतं, म्हणजे ४ जीईव्ही. तेव्हा सापेक्षतावादी कणप्रकारांची परिणामी संख्या सुमारे ८० धरा.

प्रसरणाचा दर (१.६६ × √कणप्रकार × तापमानाचा वर्ग ÷ प्लँक वस्तुमान): १.६६ × √८० × ४^२ ÷ (१.२२ × १०^१९) = १.९ × १०^-१७ जीईव्ही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ × १०^७.

समतोलातली संख्याघनता (दोन स्पिन अवस्था धरून): १.४ × १०^-८ जीईव्हीचा घन, म्हणजे घनसेंटिमीटरमध्ये १.८ × १०^३३ कण.

नष्ट होण्याचा क्रॉस-सेक्शन (टकरीची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ) गुणिले वेग: २.२ × १०^-२६ घनसेंटिमीटर प्रतिसेकंद. दोन्ही गुणले तर एका कणाच्या टकरीचा दर सेकंदाला ४ × १०^७.

प्रसरण ३ कोटी, टक्कर ४ कोटी. दोन्ही दर बरोबरीला आले, म्हणजे गोठण्याचा क्षण हाच. विश्वाचं वय तेव्हा सुमारे १.७ × १०^-८ सेकंद. त्या क्षणीचा वाय काढला तर ६ × १०^-१२ येतो, आणि धाग्याच्या लक्ष्यानुसार हवा ४.४ × १०^-१२. गोठल्यानंतरही थोडेफार कण नष्ट होत राहतात, त्यात उरलेली तफावत जाते.

२.२ × १०^-२६ हा आकडा क्षीण आंतरक्रियेच्या ताकदीशी मिळताजुळता निघाला, त्यावरूनच 'विम्पचा चमत्कार' हे नाव पडलं (विम्प म्हणजे क्षीण आंतरक्रिया करणारा जड कण). नाव जरा जास्तच भारदस्त आहे. अंतिम घनता क्रॉस-सेक्शनच्या व्यस्त प्रमाणात असते आणि वस्तुमानावर जवळपास अवलंबूनच नसते, त्यामुळे काही एमईव्हीपासून शंभरेक टीईव्हीपर्यंत कुठलाही कण योग्य जोडणी (इतर कणांशी आंतरक्रियेची ताकद) घेऊन आला तर तोच आकडा देईल. वरची मर्यादा ग्रिस्ट आणि कामिओन्कोव्स्की यांनी १९९० मध्ये काढली: त्याहून जड कणाला लागणारा क्रॉस-सेक्शन क्वांटम सिद्धांताच्या संभाव्यतेच्या नियमातच बसत नाही. त्यांनी ३४० टीईव्ही म्हटलं होतं. आजच्या घनतेला ती शंभराच्या वर कुठेतरी येते.

---

नवा_प्रवासी

मस्त. पण मग न्यूट्रिनोच का नाही? तेही असेच गोठले ना? आणि ते खरोखर अस्तित्वात आहेत, कल्पना करावी लागत नाही.

---

घनमूळ

गोठले, पण हलके असताना. फरक सगळा तिथेच. न्यूट्रिनो सुमारे १ एमईव्ही तापमानाला, म्हणजे विश्व साधारण १ सेकंदाचं असताना अलग झाले. तेव्हा ते प्रकाशाच्याच वेगाने पळत होते, त्यामुळे संख्या कोसळण्याचा प्रश्नच आला नाही. आजही दर घनसेंटिमीटरला प्रत्येक प्रकारचे ११२ आहेत, प्रतिकण धरून. त्यांची घनता म्हणजे तिन्ही वस्तुमानांची बेरीज भागिले ९३ ईव्ही. ०.१२ गाठायला बेरीज ११ ईव्ही हवी. न्यूट्रिनोचं वस्तुमान मोजणाऱ्या कॅट्रिन प्रयोगाची मर्यादा प्रत्येकी ०.४५ ईव्ही, म्हणजे बेरीज फार तर १.३५ आणि घनता ०.०१४५. गरजेच्या आठव्या भागालाही ते पुरत नाहीत.

आणि आकडा जुळला असता तरी ते तप्तच राहिले असते. लहान बीजं पुसली गेली असती, आधी महाकाय रचना बनून त्या फुटून आकाशगंगा झाल्या असत्या. निरीक्षणं नेमकी उलटा क्रम दाखवतात.

---

आकडेमोड

घनमूळ यांनी हाताने केलं ते अंदाजाला छान आहे. प्रत्यक्ष समीकरण संगणकावर सोडवताना कुठे पाय घसरतो ते लिहितो, कारण याच चुका पुन्हापुन्हा दिसतात.

१. समीकरण ताठर आहे. वायच्या उताराचा गुणक (एन्ट्रॉपी × क्रॉस-सेक्शन ÷ प्रसरणदर) १०० जीईव्हीच्या उदाहरणात तापमान १०० जीईव्ही असताना ६ × १०^१२ च्या घरात असतो. साधी रुंगे-कुट्टा पद्धत लावली की एकतर पायरी सूक्ष्म होत होत कार्यक्रम अडकतो, नाहीतर वाय ऋण होतो. अंतर्निहित पद्धत वापरा, राडाऊ किंवा बीडीएफ. आणि वायऐवजी त्याच्या लॉगरिदमचं समीकरण सोडवा, म्हणजे ऋण होण्याची भानगड मुळातच संपते.

२. वस्तुमान भागिले तापमान या चलाला 'क्ष' म्हणा. सुरुवात क्ष = १ पासून करायची गरज नाही, तिथे वाय समतोलालाच चिकटलेला असतो. १० पासून सुरू करा, १००० पर्यंत न्या. क्ष = २५ लाच थांबून उत्तर घेतलं तर ते फुगलेलं येतं, गोठल्यानंतरची घट त्यात धरलेलीच नसते.

३. समतोलाच्या सूत्रात बेसेल फलन येतं. क्ष ७०० च्या आसपास ते संगणकाच्या दृष्टीने शून्य होतं, आणि शून्याचा लॉग घेतला की सगळं कोसळतं. घातांक वेगळा काढलेलं बेसेल फलन घ्या, नाहीतर क्ष ३०० च्या पुढे समतोलाचं पद सरळ गाळा. भौतिकदृष्ट्या काही बिघडत नाही.

४. प्लँक वस्तुमान दोन आहेत: १.२२ × १०^१९ आणि 'लघुकृत' २.४४ × १०^१८ जीईव्ही. १.६६ वाल्या सूत्रात पहिलं जातं. दुसरं टाकलं तर प्रसरणदर पाचपट होतो आणि ०.१२ ऐवजी ०.५ ते ०.६ उत्तर येतं. तुमचं उत्तर पाचपट चुकलंय? आधी इथे बघा.

५. कणप्रकारांची संख्या स्थिर धरू नका. १५० एमईव्हीच्या आसपास क्वार्क बांधले जाऊन प्रोटॉन-पायॉन बनतात तेव्हा ती झपाट्याने उतरते. ३ ते ५ जीईव्हीच्या कणाचं गोठणं नेमकं या उतरणीवर येतं. स्टाइगमन, दासगुप्ता आणि बीकम यांनी २०१२ मध्ये हे नीट करून दाखवलं: १० जीईव्हीच्या वर २.२ × १०^-२६ पुरतं, त्याखाली मात्र हवा असलेला क्रॉस-सेक्शन वाढत जातो आणि ०.३ जीईव्हीला ५.२ × १०^-२६ पर्यंत पोचतो. पाठ्यपुस्तकातला '३ × १०^-२६' हा आकडा त्यामुळे सरसकट बरोबर नाही.

तयार साधनं आहेतच, मायक्रोओमेगाज आणि डार्कसुसी. पण आधी वरची साधी आवृत्ती स्वतः लिहून १०० जीईव्हीला ०.१२ येतं का बघा. नाहीतर ते साधन काय गृहीत धरतंय हे कळायला मार्ग नाही.

---

धूमकेतू_२

हे सगळं ठीक, पण विम्प मेलाय ना आता? एलझेडने (जमिनीखालचा झेनॉन शोधक) २०२४ मध्ये ४० जीईव्हीच्या आसपास २.२ × १०^-४८ चौरस सेंटिमीटरपर्यंतचा प्रदेश धुऊन काढला. मेलेल्या घोड्यावर एवढे प्रतिसाद?

---

कणादपंथी

दोन २.२ मध्ये गल्लत नको. :) १०^-२६ वाला आकडा कृष्णकण एकमेकांना *नष्ट करण्याचा* आहे, १०^-४८ वाला कृष्णकण झेनॉनच्या केंद्रकातल्या एका न्यूक्लिऑनवर *आपटण्याचा*. दोन्ही प्रक्रियांच्या आकृत्या एकमेकींच्या फिरवलेल्या रूपात असल्या तरी आकडे त्याच गुणोत्तरात असतील असं नाही. आपटणं स्पिनवर किंवा वेगावर अवलंबून असेल तर ते लाखो पटींनी दबतं आणि नष्ट होण्याला धक्काही लागत नाही. झेड कणामार्फत थेट जोडला गेलेला सरळसाधा जड न्यूट्रिनो मात्र खरंच गेला. त्याचा क्रॉस-सेक्शन १०^-३९ च्या घरात होता, तो केव्हाच बाद झालाय.

पळवाटाही आहेत. ग्रिस्ट आणि सेकेल यांनी १९९१ मध्ये तीन दाखवल्या. एक, जवळच्या वस्तुमानाचा जोडीदार कण असेल तर तो मदतीला येतो. वस्तुमानातला फरक १० टक्के असेल तर गोठण्याच्या वेळी जोडीदाराची संख्या ई चा उणे २.५ घात, म्हणजे ८ टक्के. २० टक्के फरक असेल तर ०.७ टक्का. म्हणजे जोडीदार खरंच खेटून हवा. दोन, मधल्या कणाचं वस्तुमान कृष्णकणाच्या बरोबर दुप्पट असेल तर अनुनाद, म्हणजे नष्ट होणं एकदम वाढतं. तीन, किंचित जड कणांमध्ये नष्ट होणं. आज ते निषिद्ध, तप्त विश्वात चालायचं.

अनुनादाजवळ एक सापळा आहे: आकडेमोड यांच्या समीकरणात कृष्णकणांचं तापमान बाहेरच्याएवढंच धरलंय. अनुनादाला जोडणी इतकी अशक्त लागते की आपटाआपटीही लवकर थांबते आणि कृष्णकण आधीच गार होतात. मग उत्तर काही पटींनी चुकू शकतं.

वस्तुमानाच्या खालच्या टोकाला सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीची (आद्य विश्वातून उरलेल्या प्रकाशाची) मर्यादा जास्त कडक आहे. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना कृष्णकण नष्ट होत असते तर सुटलेल्या ऊर्जेने हायड्रोजनचं आयनीभवन थोडं लांबवलं असतं. प्लँकचा आकडा: कार्यक्षमता (सुटलेल्या ऊर्जेतला वायूत मुरणारा वाटा) × क्रॉस-सेक्शन ÷ वस्तुमान, ३.२ × १०^-२८ पेक्षा कमी. कार्यक्षमता ०.२ धरली तर १४ जीईव्हीच्या खालचा सरळ विम्प गेला. नष्ट होण्याचा दर वेगाच्या वर्गावर अवलंबून असेल तर सुटतो, कारण तोवर वेग नगण्य झालेला असतो.

---

झिरपा

आता उलटी बाजू. घनमूळ यांच्या चित्रात कृष्णकण आधी भरपूर असतात आणि घटत घटत गोठतात. समजा सुरुवातीला ते नव्हतेच, आणि जोडणी इतकी अशक्त की समतोल कधी आलाच नाही. मग तप्त सूपातून (साध्या कणांच्या मिश्रणातून) ते थेंबथेंब झिरपत येतात आणि साठतात. याला फ्रीझ-इन म्हणतात. हॉल, जेडामझिक, मार्च-रसेल आणि वेस्ट यांच्या २००९ च्या कामानंतर हे नाव रूढ झालं. इथे जोडणी वाढवली की कृष्णपदार्थ वाढतो. गोठण्यात जोडणी वाढवली की घटतो.

सोपं उदाहरण: एक जड जनक कण तप्त सूपात आहे आणि कधीतरी कृष्णकणात क्षय पावतो. १०० कणप्रकार, जनकाची एकच अवस्था धरली, तर ०.१२ साठी लागणारी जोडणी येते:

१.७ × १०^-१२ × √(जनकाचं वस्तुमान ÷ कृष्णकणाचं वस्तुमान)

जनक १००० जीईव्ही, कृष्णकण १०० जीईव्ही: जोडणी ५ × १०^-१२. जनकाचं आयुष्य ६ × १०^-४ सेकंद, म्हणजे प्रकाशवेगाने तो १८० किलोमीटर जाईल. कोलायडरमध्ये बनला तरी शोधकाच्या भिंती ओलांडून निघून जाणार, क्षय दिसणारच नाही.

आता कृष्णकण १० केईव्हीचा घ्या, जनक तोच. जोडणी १.७ × १०^-८, आयुष्य ६ × १०^-११ सेकंद, अंतर पावणेदोन सेंटिमीटर. हे मोजता येतं! टक्करबिंदूपासून थोडं दूर अचानक फुटणारे मार्ग शोधायचे. अदृश्य म्हणून हिणवलेली यंत्रणा या कोपऱ्यात विम्पपेक्षा सोपी पकडता येते.

झिरपणं कुठे थांबतं? जनकाचं वस्तुमान भागिले तापमान ३ ते ५ झालं की, कारण मग जनकच संपत येतात. त्यामुळे त्याआधी विश्व किती तापलं होतं याने फरक पडत नाही. फक्त एक पथ्य. १००० जीईव्हीच्या जनकासाठी जोडणी १०^-७ च्या वर गेली की कृष्णकण समतोलात येतात आणि 'सुरुवातीला नव्हते' हे गृहीतकच मोडतं. सूत्र तरीही निमूट उत्तर देत राहतं. चुकीचं.

---

क्षितिजापल्याड

'त्याआधी विश्व किती तापलं होतं याने फरक पडत नाही' हे फक्त अशा साध्या जोडणीला लागू, बरं का. ग्रॅव्हिटिनोसारख्या, फार जड मध्यस्थामार्फत जोडलेल्या कणांचं झिरपणं सर्वात तप्त क्षणी सर्वात जास्त होतं. तिथे पुनर्तापनाचं, म्हणजे महाविस्तारानंतर (सुरुवातीच्या अतिवेगवान फुगण्यानंतर, इन्फ्लेशननंतर) विश्व पुन्हा तापलं तेव्हाचं, तापमान थेट उत्तरात येतं.

आणि इथेच या विषयातली खरी अडचण आहे. विश्वाचा इतिहास आपल्याला पुराव्यानिशी माहीत आहे तो हलकी केंद्रकं बनली तिथपासून, म्हणजे सुमारे ४ ते ५ एमईव्हीपासून खाली. ४ जीईव्हीला विम्प गोठला म्हणताना तेव्हा विश्वात किरणांचंच राज्य होतं असं आपण *धरतो*. मोजलेलं नाही.

---

पुनर्तापन

नेमकं यावरच लिहायचं होतं. महाविस्तार संपल्यावर लगेच तप्त सूप तयार होत नाही. महाविस्ताराचं क्षेत्र आपल्या ऊर्जेच्या विहिरीच्या तळाशी झोके घेत राहतं (त्याची घनता साध्या पदार्थासारखी वागते) आणि हळूहळू क्षय पावत सूप तयार करतं. या काळात प्रसरण चालू असतं, पण नवी उष्णताही ओतली जात असते. त्यामुळे तापमान विश्वाच्या आकाराच्या उणे १ घाताने न उतरता फक्त उणे ३/८ घाताने उतरतं.

याचा परिणाम पाहा. समजा कृष्णकण न्यूट्रिनोसारखेच, प्रकाशवेगाने पळत असताना सूपापासून तुटले. किरणांच्या राज्यात हे झालं असतं तर वाय = ०.००४ (१०६.७५ कणप्रकार, दोन स्पिन अवस्थांचा फर्मिऑन). धाग्याच्या लक्ष्यात घाला: वस्तुमान ११० ईव्ही. पण दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशातल्या हायड्रोजन-रेषांवरून औष्णिक कण ५ केईव्हीपेक्षा जड हवा. म्हणजे बाद. 'तप्त अवस्थेत तुटलेला कृष्णपदार्थ अशक्य' हे पाठ्यपुस्तकी वाक्य इथून येतं.

आता तेच तुटणं पुनर्तापन चालू असताना होऊ द्या. तुटलेल्या कणांची घनता आकाराच्या उणे ३ घाताने घटते, सूपाची एन्ट्रॉपी-घनता मात्र उणे ९/८ नेच. भागाकार केला, आकाराच्या जागी तापमान घातलं, की वाय हा (पुनर्तापन संपतानाचं तापमान ÷ तुटतानाचं तापमान) याच्या पाचव्या घाताने घटतो. संवेग सूपाच्या तुलनेत ५/३ घाताने घटतो.

तुटणं दहापट तापमानाला झालं असेल तर वाय एक लाख पटींनी खाली. लागणारं वस्तुमान ११० ईव्हीवरून ११ एमईव्ही. शिवाय कण सूपापेक्षा ४६ पटींनी गार. शंभरपट तापमानाला तुटले तर वस्तुमान थेट १ टीईव्हीच्या घरात! जन्मताना पूर्ण तप्त, आणि आकाशगंगा बनायच्या वेळी पूर्ण शीत.

जोडणीची ताकद इथे विम्प आणि झिरप्या कणांच्या बरोबर मध्ये येते, म्हणून ही यंत्रणा दोघांमधला पूल समजतात. गेल्या काही वर्षांत यावर बरंच काम चाललंय.

---

घनमूळ

५/३ तपासला, बरोबर आहे. पण पाचवा घात हा झोके घेणाऱ्या क्षेत्राची विहीर वर्गाच्या आकाराची असेल तेव्हाचा. चौथ्या घाताची विहीर असेल तर ते क्षेत्र पदार्थासारखं नाही, किरणांसारखं विरळ होतं आणि वरचे सगळे घात बदलतात. शिवाय प्रसरणदर त्या काळात तापमानाच्या वर्गाने नाही, चौथ्या घाताने जातो. त्यामुळे तुटण्याचं तापमान काढताना नेहमीचं १.६६ वालं सूत्र चालणार नाही. ही चूक होणारच, आधीच सांगून ठेवतो.

---

तळटीप

ॲक्सिऑन कोणी घेतला नाही अजून? थोडक्यात मांडतो.

इथे टकरीच नाहीत. १९७७ मध्ये पेच्चेई आणि क्विन यांनी तीव्र आंतरक्रियेतलं एक कोडं सोडवायला नवी सममिती सुचवली, तिच्यातून ॲक्सिऑनचं क्षेत्र येतं. कृष्णपदार्थ म्हणून ते चालेल हे १९८३ मध्ये तीन गटांनी वेगवेगळं दाखवलं. क्षेत्र विहिरीच्या तळापासून कुठल्यातरी कोनात बाजूला पडलेलं असतं. प्रसरणाचं घर्षण जास्त असेपर्यंत ते हलत नाही. घर्षण (प्रसरणदराच्या तिप्पट) वस्तुमानाच्या खाली आलं की डोलायला लागतं, आणि ते डोलणं म्हणजेच कृष्णपदार्थ.

आकडे: विघटन-स्थिरांक (ती सममिती मोडण्याची ऊर्जा) १०^१२ जीईव्ही घेतला तर आजचं वस्तुमान ५.७ मायक्रो-ईव्ही. पण तप्त विश्वात ते खूप कमी होतं, १५० एमईव्हीच्या वर साधारण तापमानाच्या उणे चौथ्या घाताने. १ जीईव्हीला (०.१५)^४ म्हणजे ५ × १०^-४ पट, २.९ × १०^-९ ईव्ही. त्याच तापमानाला प्रसरणदराची तिप्पट: ३.४ × १०^-९ ईव्ही. म्हणजे डोलणं १ जीईव्हीच्या आसपास सुरू, वय सुमारे ३ × १०^-७ सेकंद. आजचं वस्तुमान घालून गणित केलं तर डोलणं फार लवकर सुरू होतं आणि उत्तर बिघडतं. नवशिक्यांची ठरलेली चूक.

'इतका हलका कण, मग तो तप्त नसेल का?' हा प्रश्न येणारच. नाही. तो सूपातून आलेलाच नाही. क्षेत्र सगळीकडे एकसारखं डोलतं, म्हणजे संवेग जवळपास शून्य. आपल्या परिसरातली घनता दर घनसेंटिमीटरला ०.४ जीईव्ही धरली तर तेवढ्या जागेत ७ × १०^१३ ॲक्सिऑन होतात. इतक्या दाटीत कण मोजण्यापेक्षा लाट मोजणं सोपं. ॲक्सिऑन शोधणारं एडीएमएक्स हे उपकरण तेच करतं, चुंबकीय क्षेत्रातल्या पोकळीत १.४ गिगाहर्ट्झसारख्या वारंवारतेचा अतिक्षीण सूर शोधतं.

गोम कोनाची आहे. सममिती महाविस्ताराआधी मोडली असेल तर सगळ्या दृश्य विश्वात एकच कोन, आणि तो काय होता हे सांगायला सिद्धांतात काही नाही. नंतर मोडली असेल तर जागोजागी वेगळे कोन. सरासरी काढता येते, पण मग तंतूंसारखे दोष तयार होतात आणि त्यांच्यातून किती ॲक्सिऑन सुटतात यावर वेगवेगळ्या गटांच्या संगणकी प्रतिकृती अजून एकमत देत नाहीत.

---

नवा_प्रवासी

आणि आद्य कृष्णविवरं? ती तर ताऱ्यांपासून बनतात, मग सुरुवातीला तारे कुठे होते?

---

कणादपंथी

ताऱ्यांपासूनची वेगळी. ही किरणांच्याच सूपात, एखादा भाग आजूबाजूपेक्षा साधारण ४५ टक्क्यांहून जास्त दाट असेल तर थेट कोसळून बनतात. वस्तुमान त्या क्षणाच्या क्षितिजातल्या वस्तुमानाएवढं: प्रकाशवेगाचा घन × काळ ÷ गुरुत्वस्थिरांक. एक सेकंदाला २ लाख सूर्य. १०^-२३ सेकंदाला ४ × १०^१५ ग्रॅम. ५ × १०^१४ ग्रॅमच्या खालची हॉकिंग किरणोत्सारात आजवर विरून गेली असतील. लघुग्रहांएवढी, १०^१७ ते १०^२२ ग्रॅमची, अजून सगळा कृष्णपदार्थ होऊ शकतात.

१०^२० ग्रॅमची घ्या. ती बनताना तापमान १०^६ जीईव्ही. पदार्थ आणि किरणं बरोबरीला येतात ०.८ ईव्हीला, म्हणजे मध्ये १०^१५ पट थंड. कृष्णविवरांचा वाटा तापमानाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जातो, तेव्हा सुरुवातीला तो फक्त १०^१५ मध्ये एक भाग हवा. किंचित जास्त झाला तर विश्व कृष्णविवरांनी भरून जाईल. एवढ्याशा वाट्यासाठीही चढउतारांची तीव्रता सूक्ष्मलहरींवर दिसणाऱ्या २.१ × १०^-९ वरून १०^-२ च्या आसपास न्यावी लागते, आणि वाटा तीव्रतेवर घातांकाने अवलंबून. बारीक जुळवाजुळव इथे सर्वात जास्त लागते, माझ्या मते तरी. जमेची बाजू म्हणजे तेवढे चढउतार गुरुत्वीय लहरी सोडतात, आणि या वस्तुमानांसाठी त्या मिलिहर्ट्झ पट्ट्यात येतात. लिसा या नियोजित अवकाश-वेधशाळेच्या टप्प्यात.

---

झिरपा

उरलेल्यांची भर, दोन-दोन ओळींत.

असममित कृष्णपदार्थ: प्रोटॉन उरले कारण प्रतिप्रोटॉन थोडे कमी होते. तसंच इथेही. नेहमीच्या पदार्थाचा वाय ८.७ × १०^-११. कृष्णपदार्थाचाही तेवढाच असेल तर ४.४ × १०^-१० भागिले ८.७ × १०^-११ = ५ जीईव्ही. साडेपाच पटींचं कोडं एका भागाकारात सुटतं. मात्र सममित भाग (जोडीने असलेले कण-प्रतिकण) पूर्ण नष्ट करायला विम्पपेक्षा जास्त क्रॉस-सेक्शन लागतो, हे विसरलं जातं.

निर्जंतुक न्यूट्रिनो: (नाव मराठीत फारच औषधी वाटतं, स्टेराइलच म्हणू.) साध्या न्यूट्रिनोंशी किंचित मिसळून, १३३ एमईव्ही × वस्तुमानाचं केईव्हीतलं घनमूळ, या तापमानाला सर्वात जास्त बनतात. ७ केईव्हीला सुमारे २५० एमईव्ही. डोडलसन-विड्रो यांची १९९४ ची मूळ साधी आवृत्ती क्ष-किरण आणि हायड्रोजन-रेषा यांच्या कात्रीत सापडली आहे.

---

आकडेमोड

एक दुरुस्ती, कारण कोणीतरी वरचे आकडे उचलून वापरेल. घनमूळ यांचा २.२ × १०^-२६ हा कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल तेव्हाचा. कण आणि प्रतिकण वेगळे असतील तर प्रत्येकाला निम्मेच जोडीदार मिळतात, आणि लागणारा क्रॉस-सेक्शन दुप्पट, ४.४ × १०^-२६. सूक्ष्मलहरींची ३.२ × १०^-२८ ची मर्यादाही पहिल्या प्रकारासाठीच लिहिलेली आहे. वेगळ्या प्रतिकणाला ती दुप्पट सैल होते. म्हणजे १४ जीईव्ही तसाच राहतो. एकाच बाजूला २ टाकला तर ७ किंवा २८ येईल, आणि दोन्ही चूक.

---

कणादपंथी

मान्य. माझा १४ स्वप्रतिकणासाठीचा होता, लिहायला हवं होतं. आणि कार्यक्षमता ०.२ ही सरासरी झाली: इलेक्ट्रॉनांत नष्ट होत असेल तर ०.४ च्या वर जाऊन मर्यादा ३० जीईव्हीपर्यंत चढते, न्यूट्रिनोंत होत असेल तर जवळपास शून्य.